ब्रेकमधली हवा

सोलापूरच्या माणसाला ब्रेकचं फारसं कौतुक नसतं. गाव सपाट, आजूबाजूचा मुलूख सपाट. पुण्याच्या दिशेला निघा, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, सगळं आडवं. विजापूरच्या दिशेला निघा, तेच. गावात तर ब्रेकपेक्षा हॉर्नच जास्त वापरला जातो. मग नवरात्र येतं, घरचे तुळजापूरला जायचं काढतात आणि या दुर्लक्षित अवयवाची आठवण होते. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर. जाताना घाट चढायचा, तेव्हा परीक्षा इंजिनाची. दर्शन आणि जेवण आटोपून सुस्तावलेल्या डोळ्यांनी तोच घाट उतरायचा, तेव्हा परीक्षा ब्रेकची.

हे सगळं सुचलं माझ्या भाच्यामुळे. त्याने हल्लीच घरच्या घरी गाडीच्या ब्रेकचं काम केलं, सगळे भाग नवेकोरे टाकले आणि काम झाल्यावर ब्रेक आधीपेक्षा वाईट झाले! त्याची हकीगत पुढे येतेच. पण त्याच्याशी बोलताना जाणवलं की घरी केलेल्या दुरुस्तीनंतर ब्रेक का बिघडतात हे कळायचं तर ब्रेकचा इतिहास जरा माहीत हवा. कारण तो इतिहास म्हणजे दोष हळूहळू डोळ्याआड होत जाण्याचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे त्यात आपलं सोलापूरही आहे.

सुरुवातीला दोष उघड दिसायचा. घोडागाडीचा ब्रेक म्हणजे लाकडाचा ठोकळा, तो चाकाच्या लोखंडी धावेवर दाबायचा. ठोकळा झिजला की दिसतो, घसरला की ऐकू येतो. इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की उतारावर पकड यावी म्हणून गाडीवान लोक ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं ठोकतात. त्यावरून त्याने १८९७ साली ब्रेकच्या अस्तराचे प्रयोग सुरू केले. फेरोडो ही कंपनी त्याचीच. फ्रूड या आडनावाची अक्षरं उलटीपालटी करून, त्यात बायकोच्या एलिझाबेथ नावाचं पहिलं अक्षर घालून हे नाव तयार केलं असं सांगतात. त्याचं सुरुवातीचं अस्तर कशाचं होतं? सुताचं! विणलेला सुती पट्टा डांबरासारख्या पदार्थात मुरवलेला. चादरीच्या गावातल्या माणसाला हे वाचून उगाचच बरं वाटतं. पण सूत उष्णतेला टिकेना, म्हणून १९०८ च्या सुमारास त्याने अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. त्या अ‍ॅस्बेस्टॉसकडे आपल्याला परत यायचं आहे.

मोटारी आल्या तेव्हा पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या आणि तारा होत्या. सायकलच्या ब्रेकसारखंच, फक्त मोठं. त्यातली अडचण अशी की चारही चाकांना सारखी ओढ देणं महाकठीण. एक तार जरा सैल, एक जरा घट्ट, की गाडी तिरकी पळणार. त्यात पुढची चाकं वळणारी, तिथपर्यंत सळी न्यायची कशी? म्हणून कित्येक वर्षं बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. पण एक गुण होता. सळी तुटली तर तुटलेली दिसायची. गाडीखाली डोकावलं की निदान झालं.

मग पाणी शिरलं. म्हणजे पाणी नव्हे, द्रव. पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं होतं की बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो. चारही चाकांना सारखी ओढ देण्याची डोकेदुखी या एका नियमाने मिटणार होती. माल्कम लॉकहीडने १९१७ साली द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. हाच तो, ज्याने भावाबरोबर विमानांचा धंदाही काढला होता. मूळ आडनावाचा लोक भलताच उच्चार करायचे, म्हणून त्यांनी स्पेलिंगच बदललं आणि ते बदललेलं नाव ब्रेकलाही चिकटलं, विमानांनाही. १९२१ साली ड्यूझेनबर्ग कंपनीच्या गाडीला चारही चाकांना असे ब्रेक आले आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत ड्यूझेनबर्गचीच गाडी जिमी मर्फीने जिंकली. पण ड्यूझेनबर्ग ही श्रीमंतांची गाडी. साध्या माणसाला परवडेल अशा गाडीला हे ब्रेक लावले ते क्रायस्लरने, १९२४ साली. तोवर नळ्यांच्या टोकांना चामड्याच्या वाट्या होत्या, त्या गळायच्या. त्या जागी रबराच्या वाट्या आल्या आणि ब्रेक भरवशाचे झाले. आपल्या गॅरेजमध्ये अजून त्यांना ‘कप’ म्हणतात. ‘कप किट टाका’ म्हणजे हेच.

हेन्री फोर्ड मात्र अडून बसले. पेडलपासून चाकापर्यंत पोलाद असेल तरच गाडी सुरक्षित, अशी त्यांच्या कंपनीची जाहिरात असायची. शेवटी १९३९ च्या मॉडेलला त्यांनीही द्रव स्वीकारला. आपण त्यांना हट्टी म्हणतो, पण त्यांची शंका अगदीच खुळी नव्हती हो. सळी दिसते. नळीतला द्रव दिसत नाही. त्या द्रवात एखादा बुडबुडा राहिला असेल तर तो कोणाला दिसणार? ते कळायला एकच साधन उरतं, पेडलवरचा पाय.

आता सोलापूर. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. त्यांच्या नावाचं इंजिनियरिंग कॉलेज इथे १९८३ पासून आहे, पण हे ‘वालचंद’ म्हणजे नक्की कोण ते विद्यार्थ्यांना विचारलं तर निम्मे गडबडतात. असो. फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घेत त्यांनी धंद्याला सुरुवात केली, बार्शी लाइट रेल्वेपासून. पुढे जहाजं, विमानं, साखर आणि मोटारी. मोटारींसाठी त्यांनी हात मिळवला तो क्रायस्लरशी, म्हणजे द्रवाचे ब्रेक सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेणाऱ्या त्याच कंपनीशी. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. १९५३ साली वालचंद गेले. त्याच सुमारास सरकारने नियम केला की ज्यांना टप्प्याटप्प्याने इथेच सुटे भाग बनवायचे नाहीत त्यांनी नुसती जोडणी करू नये. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेले. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला आणि १९५४ पासून ती गुटगुटीत ११०० आपल्या रस्त्यावर आली. १९६४ साली डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ साली पद्मिनी. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि आत तोच द्रव.

घरी दुरुस्ती करायची आपली सवय या गाडीने लावली असं माझं मत आहे. गाडी नोंदवायची, मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशी मिळालेली गाडी कोणाच्याही हातात द्यायची नाही. सोलापुरात त्या काळी फियाट ज्यांच्या घरी होती त्या घरातल्या पुरुषांचा रविवार अंगणात, जॅकच्या बाजूला जायचा. प्लग, पॉइंट, फॅन बेल्ट यांत मजा होती. चूक झाली तर गाडी चालू होणार नाही, एवढंच. ब्रेकमध्ये ती सोय नाही. तिथे चूक झाली तरी गाडी चालू होते, छान चालू होते.

त्या रविवारच्या कार्यक्रमातलं ब्रेकची ‘एअर काढणं’ आठवतं का कोणाला? एक माणूस गाडीखाली, हातात पाना. पेडलवर घरातलं एखादं मूल, पाय जेमतेम पोचणारं. खालून हुकूम, “मार… मार… मार… धर!” पेडल दाबून धरायचं, खालचा माणूस निप्पल सैल करणार, नळीतून फुस्स करून बुडबुडे आणि द्रव बाहेर. मग निप्पल बंद, मग “सोड!” यातला क्रम फार महत्त्वाचा. निप्पल बंद व्हायच्या आत मुलाने पाय उचलला तर जेवढी हवा गेली तेवढीच उलट आत ओढली जाते. दुपारभर हवा काढत बसलेली आणि ती संपतच नाही अशी घरं मी पाहिली आहेत. कसब खाली गाडीखाली नव्हतं, ते पेडलवर बसलेल्या पोराच्या कानात होतं. सुरुवात करायची सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्याकडे मास्टर सिलिंडर सहसा उजवीकडे, म्हणून जुन्या गाड्यांत मागचं डावं चाक पहिलं. नव्या गाड्यांत नळ्यांची वाटणी कधी तिरकी असते आणि क्रम बदलतो, तेव्हा गाडीच्या पुस्तकात पाहावं.

थोडक्या हवेने एवढं काय बिघडतं असं वाटेल. हिशोब करून पाहू. मास्टर सिलिंडरच्या नळीचा व्यास समजा २० मिलिमीटर. म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर. नळ्यांत २ घन सेंटिमीटर हवा राहिली, म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. जोरात ब्रेक मारताना आतला दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो, त्यापुढे हवा दबून जवळजवळ नाहीशी होते. तेवढी जागा भरायला दट्ट्याला साडेसहा मिलिमीटर जास्त सरकावं लागतं. पेडलची तरफ पाचास एक धरली तर पायाला तीन सेंटिमीटरहून जास्त. म्हणजे अर्ध्या चमच्याहून कमी हवेसाठी पाय दोन बोटं खाली जातो आणि त्या प्रवासात गाडी थांबवायला काहीही घडत नाही.

दुसरा घोळ भाषेचा आहे. आपण सगळे त्या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. दुकानात तसंच मागतो, दुकानदार तसंच देतो. आणि ते ऑइल नसतं! पूर्वी एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण असे, तेव्हा निदान अर्धं तरी तेल होतं. नंतर ग्लायकॉलच्या जातीची रसायनं आली आणि नाव मागेच राहिलं. एखाद्याने शब्दावर विश्वास ठेवला, टाकी थोडी कमी दिसली म्हणून घरातलं इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल ओतलं, की संपलं. ब्रेकमधलं रबर खनिज तेलात फुगतं. कप फुगतात, अडकतात, ब्रेक एकदा लागले की सुटत नाहीत किंवा लागतच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. टाकीच्या झाकणातलं रबर पाहा, ते फुगून झाकणात मावत नसेल तर तेल गेलं आहे. आणखी खात्री हवी तर टाकीतला थोडा द्रव पाण्यात टाका. खरा ब्रेकचा द्रव पाण्यात मिसळतो, खनिज तेल वर तरंगतं. तेल सापडलं तर द्रव बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत रबराचा प्रत्येक तुकडा बदलावा लागतो. महागडा शब्द आहे ‘ऑइल’.

आता भाच्याची हकीगत. तो जुळे सोलापुरात राहतो. पोरगा हुशार, हात चांगला. पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर गळत होते म्हणून त्याने नवे मागवले आणि व्हिडिओ बघून स्वतः बसवले. नवे पॅड, नवा द्रव. शनिवारी संध्याकाळी फोन.

“मामा, सगळं नवीन टाकलंय, तीन वेळा एअर काढली, तरी पेडल मऊच.”

“किती वेळा मारल्यावर कडक होतं?”

“तीन-चार वेळा.”

“कडक झाल्यावर धरून ठेव. हळूहळू खाली बसतं का?”

“नाही, तिथंच राहतं. पण मास्टर सिलिंडरच गेलं असं मित्र म्हणतोय. उद्या आईला तुळजापूरला न्यायचंय मला.”

या दोन उत्तरांत अर्धं निदान होतं. मारत गेल्यावर पेडल वर येतं, म्हणजे आत हवा आहे किंवा शू आणि ड्रममध्ये अंतर जास्त आहे. धरून ठेवल्यावर खाली बसत नाही, म्हणजे कुठे गळत नाही आणि मास्टर सिलिंडरचे कपही दाब सोडत नाहीत. खाली बसलं असतं तर मित्राचं म्हणणं विचारात घेतलं असतं. त्याच्या मागच्या ड्रमला कोणी हात लावलेला नव्हता आणि कामाच्या आधी पेडल ठीक होतं. म्हणजे उरली हवा, आणि तीही पुढे. पण तीन वेळा काढूनही का निघत नाही? मी म्हटलं, “अरे, निप्पलचा फोटो पाठव.”

फोटो आला. निप्पल कॅलिपरच्या तळाशी!

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. बऱ्याच गाड्यांत ते भोकांना अगदी बरोबर बसतात, गळत नाहीत, पॅडही नीट बसतात. फक्त निप्पल वर असण्याऐवजी खाली जातो. हवा वर चढते. निप्पल खाली असेल तर त्यातून दिवसभर स्वच्छ द्रव येत राहील आणि हवा वरच्या पोकळीत सुखाने बसून राहील. भाचा खरंच सांगत होता, नळीतून एकही बुडबुडा येत नव्हता. त्यामुळेच त्याला वाटलं हवा संपली.

रविवारी सकाळी बाजू बदलल्या, हवा काढली, पेडल जागेवर. तुळजापूर मात्र मी पुढच्या रविवारवर ढकलायला लावलं. बहीण रागावली माझ्यावर, ठरलेलं दर्शन चुकवलं म्हणून. ते चालेल. आठवडाभर गावात गाडी फिरली, द्रवाची पातळी रोज पाहिली, जोडांवर कोरडा कागद फिरवून ओल नाही ना बघितलं, मगच घाट.

घाटाचं मी एवढं का धरून बसतो तेही सांगतो. हजार किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरली आणि वेग फक्त ब्रेकने रोखला, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिने तीनेक लिटर पाणी उकळीला येईल. सोलापूरहून मुंबईला जाणाऱ्याला खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे पाचशे मीटर उतरायचं असतं. पंधरा लिटर पाणी झालं हे. (याच घाटात रेल्वेच्या बोगद्यांची कामं वालचंदांनी केली होती. हा माणूस सारखा वाटेत येतो.) आता ब्रेकचा द्रव हवेतला ओलावा शोषत राहतो. बाटलीवर डॉट ३ लिहिलेलं असतं त्याचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश, ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. जुना द्रव घाटात उकळला की नळीत वाफ होते. वाफ म्हणजे पुन्हा हवाच, फक्त या वेळी बाहेरून आत आलेली नाही. गाडी गार झाली की वाफेचा परत द्रव होतो, पेडल कडक लागतं आणि गॅरेजवाला म्हणतो, “साहेब, ब्रेक तर चांगले आहेत.” दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून घाटात खालचा गिअर.

घरच्या दुरुस्तीत आणखी काही गोष्टी वारंवार दिसतात. पॅड बदलताना दट्टे आत ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. गाडी हलवण्याआधी, उभ्या गाडीतच, कडक होईपर्यंत पेडल मारून घ्यायचं. एवढं विसरून गेटच्या खांबाला गाडी लावलेले लोक असतात.

जुन्या गाडीत हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरमधला कप रोजच्या वापरात नळीच्या अर्ध्याच भागात फिरतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ असतो. पेडल तळाला नेलं की कप त्या गंजावर घासतो, फाटतो, आणि मग धडधाकट सिलिंडर हवा काढता काढता निकामी होतं. त्या मालकाला कोण पटवणार की बिघाड दुरुस्तीतच झाला? पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की प्रश्न मिटतो. जुने मिस्त्री हे करायचे आणि कारण सांगायचे नाहीत.

ब्रेक सुटतच नाही, चाक तापतं, अशी तक्रार असेल तर शोध उलट दिशेने चालतो. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, पाय उचलला की द्रव त्यातून टाकीत परततो. नवं सिलिंडर बसवताना पेडलची दांडी थोडी लांब राहिली तर कप ते भोक अडवून बसतो. गाडी चालली, द्रव तापला, प्रसरण पावला, आणि कोणी पाय न लावता ब्रेक लागत गेले. अशा वेळी चाक तापून अडकलेलं असताना, गाडीला उटी लावून, सिलिंडरला जोडलेल्या नळीचा नट किंचित सैल करायचा. चाक सुटलं तर दोष वर, दांडीत. नाही सुटलं तर चाकावरचा निप्पल सैल करायचा. आता सुटलं तर मधला रबरी होज आतून सुजून बंद झाला आहे, तो द्रव जाऊ देतो पण येऊ देत नाही. तरीही नाही सुटलं तर दट्टा किंवा पिनाच जाम. सैल केलेलं घट्ट करून, हवा काढून मगच गाडी रस्त्यावर, हे सांगायला नकोच. गाडी एका बाजूला ओढत असेल तर उलट बाजूच्या लायनरवर ग्रीसचे हात लागलेत का ते आधी पाहावं. बहुतेक वेळा ज्या चाकाचा ब्रेक कमी लागतो त्याच्या विरुद्ध बाजूला गाडी जाते.

या सगळ्यात मला एकच सूत्र उपयोगी पडलं आहे. काम करायच्या आधी जो त्रास नव्हता तो नंतर आला असेल, तर ज्याला शेवटचा हात लागला तिथून सुरुवात करायची. आपलं मन मात्र उलटं चालतं. आपण बसवलेलं तेवढं बरोबर, आणि न उघडलेलं मास्टर सिलिंडर दोषी! भाच्याच्या मित्राचं तेच झालं. दोन दिवसांत ते सिलिंडरही उघडलं गेलं असतं.

जुन्या फियाटवाल्यांसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचं राहिलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. पण हौसेने जपलेल्या गाड्या अजून आहेत, त्यांचे ड्रम अजून अंगणात उघडले जातात. ड्रम उघडला की आत काळी पूड असते आणि ती तोंडाने फुंकायची किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची आपली जुनी रीत. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू फुप्फुसात बसले की त्यांचे रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. गॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला म्हातारपणी लागलेल्या दम्याला आपण ‘बिडीमुळे’ म्हणून मोकळे होतो, त्यात किती जणांचं कारण ड्रममध्ये होतं कोण जाणे. लायनर कोणता आहे हे नुसतं बघून कळत नाही. तेव्हा पूड ओल्या फडक्याने पुसावी, फडकं पिशवीत बांधून टाकावं, आणि पोरांना त्या वेळी अंगणातून आत पाठवावं. पेडल मारायला नंतर बोलवा.

नव्या गाड्यांत ते पोरही लागत नाही म्हणा. १९६० च्या दशकात अमेरिकेत ब्रेकच्या नळ्यांचे दोन वेगळे भाग सक्तीचे झाले, एक फुटला तरी दुसरा चालावा म्हणून. मग ही पद्धत सगळीकडे गेली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे नळीच्या वाटेत आणखी एक पेटी आली, तिच्यात बारीक बारीक झडपा. त्या पेटीत हवा शिरली तर काही गाड्यांत नुसत्या पेडल मारण्याने ती निघत नाही, गॅरेजमधला स्कॅनर जोडून झडपा उघडाव्या लागतात. म्हणून घरी काम करताना टाकी कधीही कोरडी पडू द्यायची नाही. वरची पातळी बघत बघत द्रव ओतत राहायचं.

आणि शेवटी उरलेली अर्धी बाटली. ती झाकण लावून कपाटात ठेवायची आणि दोन वर्षांनी वापरायची, ही काटकसर आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. ब्रेकच्या द्रवाच्या बाबतीत ती नको. उघडलेली बाटली ओलावा ओढत बसते. लहान बाटली घ्या, काम झालं की उरलेला द्रव मोरीत न ओतता गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या डब्यात नेऊन द्या, तेही आधी विचारून. आणि बोनेटवर सांडला असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग खातो तो.